डब्यातली चकती

क्लामसीच्या बालवाडीत, जानेवारीतल्या रविवारी,
आम्ही चौघं बसलो होतो वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर नावं : एलुआन, मायलिस, तिमोते,
आणि त्या नावांवर लटकलेले
मोठ्यांचे ओले कोट.

नियम साधा. एक युरो, एक सही.
सहीच्या वर छापलेली एकच ओळ :
'डाव्या विचारांची मूल्यं मला मान्य आहेत.'
कुठली मूल्यं, ते छापलेलं नव्हतं.
कागद वाचवला असेल.

पक्षाचं कार्ड नको, वर्गणी नको, कुणाची चिठ्ठी नको.
कुणीही यावं, सहा जणांतून एक उमेदवार निवडावा,
मग तो राष्ट्राध्यक्ष व्हायला निघेल,
वसंतात देशभर मतं मागत.
मी या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं.
कुणाकडे कुठलं वर्तमानपत्र येतं, कुणाकडे वकिलाची नोटीस,
सगळं पाठ.
म्हणून तर मला यादीवर बसवलं,
आणि खरं सांगायचं तर म्हणूनच बसवायला नको होतं.

पहिली आली गिलेन, कोंबड्यांना दाणे टाकून, चष्मा विसरून.
ती ओळ तिने मला मोठ्याने वाचायला लावली, दोनदा.
'मान्य आहेत,' म्हणाली,
'पण त्यांना मी मान्य आहे का, ते कुठे लिहिलंय?'

मग औषधांच्या दुकानाचे मालक, मस्य वोकलँ.
त्यांच्या पत्रपेटीत मी वर्षानुवर्षं
उजव्यांची मासिकं सरकवली आहेत.
हसले. लफ्फेदार सही केली.
आणि बाहुलीनाट्याच्या पडद्यामागे गेले
(मत द्यायला आडोसा म्हणून तोच लावला होता,
वर जीभ काढलेला लांडगा).
मला कळत होतं ते कुणाला मत देतायत :
जो वसंतात हमखास पडेल, त्याला.
तराजूत त्यांचा कागद गिलेनच्या कागदाइतकाच.
दार सताड उघडं ठेवलं
की वारा कुणीकडून आला हे विचारता येत नाही.
'धन्यवाद, मस्य,' मी म्हणाले, आणि खूण केली.

फाटकाशी ओगुस्त. रेल्वेतून निवृत्त,
ज्याच्या मांजरीचं नावसुद्धा 'संप'.
आत ये म्हटलं, तर म्हणाला,
'मी कोण ते लिहून देऊ? आणि वर पैसे?'
भुरभुरत्या बर्फात तासभर उभा राहिला,
येणारा माणूस न् माणूस मोजत.
दुपारी थर्मासमधली सगळी कॉफी आम्हाला ओतून गेला.

रात्री मोजणी. सह्या दोनशे चौदा.
मतं दोनशे चौदा.
बिस्किटांच्या डब्यात दोनशे तेरा युरो
आणि सुपरमार्केटच्या ट्रॉलीची
हिरवी प्लास्टिकची चकती.

सिदोनी म्हणाली, नावं तपासू या.
मी यादीवरून बोट फिरवलं, दोन ठिकाणी अडखळले :
एकाला तो युरोच जड होता,
दुसऱ्याला ती ओळ.
मी पाकीट उघडलं, माझा युरो टाकला.
हिशेब जुळला. कुणी काही बोललं नाही.

यादी नियमाप्रमाणे नष्ट केली :
फाडून, पुन्हा फाडून, बोटाएवढ्या पट्ट्या करून
मुलांच्या लगद्याच्या बादलीत बुडवली.
कार्निव्हलला त्याचे मुखवटे झाले,
कोल्हे, कावळे, एक राजा.
कुणाचं नाव कुणाच्या नाकात गेलं, देव जाणे.

आमचा उमेदवार वसंतात चौथा आला.

चकती माझ्याकडेच राहिली.
शनिवारी खाचेत सरकवते, साखळी सुटते,
ट्रॉली निमूट हातात येते,
जागेवर नेऊन लावली की चकती परत.
मताचं तसं नसतं, असं काहीतरी
मी ओगुस्तला सांगत होते, बटाट्यांच्या रांगेत.
तो खाली वाकला होता.
'आधी चाक बघ,' म्हणाला,
'केव्हाचं डावीकडे ओढतंय,
आणि तू सरळ ढकलत बसलीयेस.'